लेओव्हर? मग बोअर कशाला!

विमानाचं तिकीट काढताना आपली नजर सगळ्यात आधी कुठे जाते? अर्थातच किमतीवर! डायरेक्ट फ्लाइटचा आकडा बघून पोटात गोळा येतो, मग आपण 'एक स्टॉप'वाला पर्याय निवडतो. पैसे वाचले म्हणून मस्त वाटतं. बारीक अक्षरातली ओळ मात्र नंतर दिसते : 'लेओव्हर १० तास, सिंगापूर.' झालं! दहा तास करायचं काय?

बहुतेक जण काय करतात ते सांगू? चार्जिंग पॉइंटजवळची खुर्ची पकडतात, लॅपटॉप उघडतात आणि ऑफिसच्या मेल्स बघत बसतात. आयटीतला माझा एक मित्र कामानिमित्त सहा वेळा सिंगापूरवरून गेला. 'कसंय रे सिंगापूर?' असं विचारलं तर म्हणाला, 'कार्पेट छान आहे.' सहा वेळा गेला आणि बघितलं काय, तर कार्पेट!

खरं सांगायचं तर लेओव्हर म्हणजे फुकटात मिळालेली सुट्टी. एरवी सुट्टीसाठी बॉसपुढे अर्ज करावा लागतो आणि ती मिळाली तरी फोन वाजायचा थांबत नाही. इथे तुम्ही 'फ्लाइटमध्ये' असता. ऑफिसला, घरच्यांना, क्लायंटला, सगळ्यांना ते मान्य असतं. अख्ख्या वर्षात असे किती तास मिळतात, ज्यात आपल्याकडून कुणाचीच काही अपेक्षा नसते? हे तास मेल्सवर उडवायचे की नाहीत, हे आपल्याच हातात आहे.

पण बॅग पाठीला लावून धावत सुटायचं असाही याचा अर्थ नाही. लेओव्हरमध्ये शहर 'कव्हर' होत नाही आणि तसा प्रयत्नही करू नये. उलटं गणित करायचं, एकच तुकडा निवडायचा आणि बाकीचं बिनधास्त सोडून द्यायचं. एवढाच फंडा! तो सिंगापूरचंच उदाहरण घेऊन बघू. कारण मुंबईहून ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड किंवा जपानच्या वाटेवर आपल्यातले बरेच जण इथे थांबतात.

आधी गणित, मग भटकंती

समजा, तुम्ही मुंबईहून रात्री निघालात आणि सकाळी साडेसातला चांगी एअरपोर्टवर उतरलात. (घड्याळ अडीच तास पुढे करा, सिंगापूर आपल्या पुढे आहे!) मेलबर्नची फ्लाइट संध्याकाळी साडेपाचला. म्हणजे हातात दहा तास? नाही हो!

विमानातून बाहेर पडणं आणि इमिग्रेशन, एक तास. शहरात जायला एक तास. परत यायला एक तास. आणि फ्लाइटच्या दोन तास आधी एअरपोर्टवर हजर. झाले पाच. म्हणजे दहातले तुमचे फक्त पाच. साडेनऊ ते अडीच. एवढंच तुमचं सिंगापूर.

हा 'वजा पाच'चा नियम लक्षात ठेवा. आठ तासांचा लेओव्हर असेल तर तीन तास मिळतात, एक जागा निवांत बघून होते. सात असेल तर दोन, म्हणजे एअरपोर्टच्या आजूबाजूलाच राहा. सहा किंवा त्याहून कमी असेल तर बाहेर पडूच नका. धावतपळत मर्लायनसोबत फोटो काढायचा आणि तिकडे मेलबर्नची फ्लाइट चुकवायची, असला सौदा कुणी सांगितलाय?

आणखी एक. चांगीला टर्मिनल १, २ आणि ३ मध्ये सिक्युरिटी चेक थेट गेटवर होतो. आपल्याकडे इमिग्रेशनच्या जवळच सिक्युरिटी उरकते, म्हणून 'आत आलो म्हणजे सुटलो' अशी सवय असते. इथे तसं नाही. गेटवरही रांग असते, तेव्हा फ्लाइटच्या तासभर आधी गेटजवळ पोहोचा. टर्मिनल ४ थोडं बाजूला आहे आणि तिथे शटल बसने जावं लागतं, तोही वेळ धरा. साडेसातला उतरल्या उतरल्याच फोनमध्ये दुपारी अडीचचा अलार्म लावून टाका. तो वाजला की हातातली कॉफी तशीच ठेवून निघायचं, नो डिस्कशन.

व्हिसाचं काय?

हा प्रश्न आधी, तिकिटाच्याही आधी. भारतीय पासपोर्टवर सिंगापूरला जायला एरवी व्हिसा लागतो. पण तिसऱ्या देशात जाताना किंवा तिथून येताना ९६ तासांपर्यंत व्हिसाशिवाय राहायची सोय आहे. अट अशी की तुमच्याकडे ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जर्मनी, जपान, न्यूझीलंड, स्वित्झर्लंड, ब्रिटन किंवा अमेरिका यांपैकी एखाद्या देशाचा व्हिसा किंवा राहण्याचा परवाना हवा आणि तो किमान महिनाभर पुढे चालणारा हवा. शिवाय पुढचं कन्फर्म तिकीटही हवं. म्हणजे मेलबर्नला निघालेल्या माणसाकडे बहुतेक सगळं असतंच!

ऑस्ट्रेलियाचा व्हिसा हल्ली पासपोर्टवर चिकटवलेला नसतो, ई-मेलवर येतो. त्याची प्रिंट जवळ ठेवा. फोनची बॅटरी नेमकी इमिग्रेशनच्या काउंटरवरच संपते, हा निसर्गनियम आहे. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं. ते फुकट आहे, त्यासाठी पैसे मागणाऱ्या साइट्सच्या नादी लागू नका. नियम बदलत असतात, त्यामुळे निघण्याआधी सिंगापूर इमिग्रेशनच्या अधिकृत साइटवर एकदा नजर टाका. आणि आत सोडायचं की नाही हे शेवटी काउंटरवरचा ऑफिसर ठरवतो, हेही लक्षात असू द्या.

आता बॅग. दोन्ही फ्लाइट्स एकाच तिकिटावर असतील तर चेक-इन बॅग सहसा थेट शेवटच्या मुक्कामाला जाते. मुंबईच्या काउंटरवर बॅगेला लावलेला टॅग नीट वाचा, त्यावर मेलबर्नचा कोड दिसला की निश्चिंत व्हा. दुसऱ्या फ्लाइटचा बोर्डिंग पासही तिथेच मागून घ्या.

पण पैसे वाचवायला तुम्ही दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर गोष्ट वेगळी! अशा वेळी बहुतेकदा बॅग सिंगापूरला घेऊन पुन्हा चेक-इन करावी लागते, म्हणजे इमिग्रेशन पार करणं आलंच आणि व्हिसाची अटही आली. पहिली फ्लाइट लेट झाली तर दुसरी कंपनी हात वर करते आणि नवं तिकीट तुमच्या खिशातून. वाचलेले पैसे तिथेच फुर्र!

एकच तुकडा : पाडांग

पाच तासांत काय बघायचं? नेटवर शोधलंत तर पंधरा जागांची यादी मिळेल. गार्डन्स, झू, सेंटोसा, शॉपिंग... सगळ्यांवर फुली मारा. मी सुचवते तो तुकडा जेमतेम दीड-दोन किलोमीटरचा आहे, सगळा पायी होतो आणि त्यात आपली एक गोष्ट दडलेली आहे.

एअरपोर्टचं मेट्रो स्टेशन टर्मिनल २ आणि ३ च्या मध्ये आहे. इथे मेट्रोला 'एमआरटी' म्हणतात. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला कळतं की इथे धक्काबुक्कीची गरज नाही, दादर स्टेशनवर कमावलेलं स्किल वाया जातं! तानाह मेरा स्टेशनवर गाडी बदलायची आणि सिटी हॉलला उतरायचं. तिकिटाच्या रांगेत उभं राहू नका, व्हिसा किंवा मास्टरकार्डचं टॅप करायचं कार्ड थेट गेटवर चालतं. परदेशी कार्डावर थोडा जादा चार्ज पडतो, पण वेळ वाचतो. फक्त निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डाचं 'इंटरनॅशनल' आणि 'कॉन्टॅक्टलेस' सुरू करा. आपल्याकडे नव्या कार्डावर परदेशातला वापर आधीपासून बंदच असतो आणि हे लक्षात येतं नेमकं गेटवर, मागे दहा माणसं खोळंबलेली असताना.

सिटी हॉल स्टेशनच्या बाहेर पडलं की समोरच पांढरंशुभ्र सेंट अँड्र्यूज कथीड्रल दिसतं. 'चर्च काय, मुंबईत कमी आहेत का?' असं म्हणू नका. हे चर्च भारतातून शिक्षा भोगायला पाठवलेल्या कैद्यांनी बांधलंय. अंदमानच्याही आधी सिंगापूर हे काळं पाणी होतं. आपल्याकडचे कैदी जहाजात घालून इथे आणले जायचे आणि रस्ते, पूल, इमारती त्यांच्याकडून बांधून घेतल्या जायच्या. आतल्या भिंतींचा गिलावा 'मद्रास चुनाम' म्हणून ओळखला जातो. त्यात शिंपल्यांचा चुना, अंड्याचा पांढरा बलक आणि साखर घालायचे. १८६२ मध्ये या चर्चचा विधिवत अभिषेक झाला. त्या कामगारांची नावं कुठे सापडत नाहीत, पण गिलावा अजून चमकतोय.

तिथून रस्ता ओलांडला की एक मोठं हिरवं मैदान लागतं. हेच पाडांग. मलय भाषेत पाडांग म्हणजे मैदानच. इंग्रजांनी इथे क्रिकेट खेळलं, म्हणजे आपल्या आझाद मैदानाचा चुलतभाऊच समजा. समोर जुनं सुप्रीम कोर्ट आणि सिटी हॉल अशा दोन खांबांच्या इमारती आहेत. २०१५ पासून तिथे नॅशनल गॅलरी आहे. १२ सप्टेंबर १९४५ ला याच सिटी हॉलमध्ये जपान्यांनी इथल्या शरणागतीवर सह्या केल्या.

पण त्याच्या दोन वर्षं आधी, ५ जुलै १९४३ ला, याच पाडांगवर नेताजी सुभाषचंद्र बोस उभे होते. समोर आझाद हिंद सेनेचे हजारो सैनिक. 'चलो दिल्ली'ची हाक तेव्हाच दिली गेली. शाळेच्या पुस्तकात हे आपण वाचलेलं असतं, परीक्षेत लिहिलेलंही असतं. पण ते नेमकं कुठे घडलं हे कधी डोक्यात येतच नाही. त्याच हिरवळीच्या कडेला, सकाळी दहाच्या उन्हात, पाठीवर लॅपटॉपची सॅक घेऊन उभं राहिलं की इतिहासाचा तो धडा एकदम खरा वाटायला लागतो.

मैदानाला लागूनच एस्प्लनेड पार्क आहे. तिथे झाडांच्या सावलीत एक छोटी खूण आहे. आझाद हिंद सेनेच्या अनाम सैनिकांचं स्मारक इथे होतं. जुलै १९४५ मध्ये नेताजींनी त्याची पायाभरणी केली. त्यावर तीन शब्द होते : इत्तेफाक, इत्तेमाद, कुर्बानी. म्हणजे एकजूट, विश्वास, बलिदान. सप्टेंबरमध्ये इंग्रज परतले आणि त्यांनी ते पाडून टाकलं. पुढे पन्नास वर्षांनी, १९९५ मध्ये, सिंगापूर सरकारने त्या जागी ही खूण उभारली. एवढी साधी की धावत फोटो काढणाऱ्यांना ती दिसतसुद्धा नाही.

यात आपलं काय? सांगते. नेताजींनी बायकांची एक वेगळी पलटण उभी केली. तिचं शिबिर ऑक्टोबर १९४३ मध्ये याच शहरात, वॉटर्लू स्ट्रीटवर सुरू झालं. नाव होतं 'झाशीची राणी रेजिमेंट'. प्रमुख होत्या डॉ. लक्ष्मी स्वामिनाथन, पुढच्या कॅप्टन लक्ष्मी सहगल. त्या सिंगापूरमध्येच डॉक्टरकी करत होत्या. आणि पलटणीत भरती झालेल्या मुली? बऱ्याचशा मलायातल्या रबराच्या मळ्यांवर राबणाऱ्या तमिळ कुटुंबांतल्या. त्यातल्या अनेकींनी भारत डोळ्यांनी कधी पाहिलाही नव्हता.

विचार करा. तांब्यांच्या घरातली एक मराठी मनू, झाशीची राणी होते, १८५८ मध्ये लढता लढता जाते. आणि पंच्याऐंशी वर्षांनी, हजारो मैलांवर, न पाहिलेल्या देशासाठी तमिळ मुली तिच्या नावाने बंदूक उचलतात. त्यातल्या बऱ्याच जणी आपल्या ऑफिसातल्या ट्रेनीच्या वयाच्या. आपण त्याच शहरात दहा तास असतो आणि बघतो काय, तर कार्पेट.

पूल ओलांडून पोटोबा

पार्कमधून पुढे निघालात की सिंगापूर नदी लागते. तिच्यावरचा कॅवेनाघ पूल १८६९ चा आहे आणि आता फक्त चालणाऱ्यांसाठी आहे. पुलाच्या टोकाला अजून जुनी पोलिसी पाटी आहे : गुरं आणि घोडे नेण्यास मनाई. शेजारी काचेचे टॉवर आणि पुलावर गुरांना बंदी, फोटो तो बनता है!

पलीकडे फुलर्टन हॉटेल आहे, १९२८ मध्ये बांधलेली ही इमारत म्हणजे सिंगापूरचं जुनं जनरल पोस्ट ऑफिस. त्याच्या मागेच तो जगप्रसिद्ध मर्लायन, सिंहाचं डोकं आणि माशाचं शेपूट. गंमत म्हणजे हा काही पुराणातला प्राणी नाही, १९६४ मध्ये टुरिझम बोर्डाच्या लोगोसाठी तो तयार केला गेला आणि पुतळा १९७२ मध्ये आला. एका फोटोपुरतं थांबा आणि पुढे चला, कारण आता भूक लागलेली असणार.

दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर लाऊ पा सात आहे. बिडाच्या नक्षीदार खांबांवर उभा असलेला अष्टकोनी जुना बाजार, आणि आत खाण्याचे स्टॉलच स्टॉल. अशा जागांना इथे 'हॉकर सेंटर' म्हणतात. पूर्वी रस्त्यावर गाड्या लावणाऱ्यांना सरकारने एका छपराखाली आणलं. आपल्या खाऊगल्लीला नळ, नंबर आणि शिस्त लावली तर जे होईल, ते हे. २०२० मध्ये युनेस्कोने या हॉकर संस्कृतीला वारशाच्या यादीत घेतलं.

इथले काही मॅनर्स आधीच शिकून घ्या. रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं तर ते टेबल रिझर्व्ह्ड आहे. आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात, अगदी तसंच! त्याला 'चोप' करणं म्हणतात. खाऊन झालं की ट्रे स्वतः जागेवर नेऊन ठेवायचा, नाही ठेवला तर दंड होऊ शकतो.

व्हेजवाल्यांनी टेन्शन घेऊ नका. भारतीय स्टॉल सापडतात आणि चिनी बौद्धांचे शुद्ध शाकाहारी स्टॉलही बऱ्याच हॉकर सेंटर्समध्ये असतात. मात्र 'काया टोस्ट' मागवण्याआधी लक्षात घ्या, काया म्हणजे नारळ आणि अंड्याचा गोड जॅम. अंडं चालत असेल तर मात्र तो चुकवू नका, सोबत 'कोपी' हवीच. नुसती कोपी म्हटलं की कंडेन्स्ड मिल्कची गोडमिट्ट कॉफी येते. 'कोपी ओ' म्हणजे बिनदुधाची पण साखर घातलेली आणि 'कोपी ओ कोसोंग' म्हणजे साखरही नाही. डाएटवाल्यांनी हे शेवटचं पाठ करून ठेवावं.

काया जॅमची बाटली घरी न्यायचा मोह होईल, पण शंभर मिलीपेक्षा मोठी बाटली हँडबॅगेत असेल तर गेटवरच्या सिक्युरिटीत ती हमखास जाते. एकूणच या शहरात खरेदी म्हणजे वेळ खाणारं प्रकरण. पाच तासांत ते नकोच.

अडीचचा अलार्म वाजला? जवळच्या रॅफल्स प्लेस स्टेशनवरून परतीची गाडी पकडा.

बाहेर पडायचंच नसेल तर?

व्हिसा नाही, वेळ कमी आहे किंवा रात्रभर झोप झालेली नाही? नो प्रॉब्लेम. चांगीमध्ये आतल्या आतही बरंच काही आहे. टर्मिनल ३ मध्ये फुलपाखरांची बाग आहे, खऱ्याखुऱ्या फुलपाखरांची. सिनेमा फुकट बघता येतो. पैसे भरून आंघोळीची सोय आहे, आणि रात्रभरच्या प्रवासानंतर आंघोळीसारखं सुख नाही.

सगळे ज्याचे फोटो टाकतात तो चाळीस मीटर उंचीचा धबधबा 'ज्वेल'मध्ये आहे. ज्वेल २०१९ मध्ये सुरू झालं, पण ते इमिग्रेशनच्या बाहेर आहे. आत जायचं तर देशात प्रवेश करावा लागतो. व्हिसा नसलेल्यांसाठी एक युक्ती : टर्मिनल २ आणि ३ च्या मधली स्कायट्रेन ज्वेलमधूनच जाते. खिडकीशी उभे राहा, तिकीट न काढता दर्शन!

साडेपाच तासांहून जास्त आणि २४ तासांहून कमी लेओव्हर असेल आणि देशात प्रवेशाची अट पूर्ण होत असेल, तर एअरपोर्टची मोफत गाइडेड टूरही आहे. अडीच तासांत बसने फिरवून वेळेत परत आणतात. पहिल्यांदाच परदेशात निघाला असाल आणि एकट्याने बाहेर पडायची धाकधूक वाटत असेल, तर हे बेस्ट.

आई-बाबा एकटे निघालेत?

हे सगळं एकदा स्वतः करून बघा, असं मी म्हणते त्यामागे आणखी एक कारण आहे. आज तुम्ही या एअरपोर्टवर आहात. उद्या मेलबर्नला सेटल झालात की याच वाटेने आई-बाबा येणार, बहुतेक पहिल्यांदाच आणि दोघंच. फोनवर त्यांचा पहिला प्रश्न असतो, 'अरे, मधे विमान बदलायचंय ना? जमेल का आम्हाला?' तुम्ही नुसती खुर्ची पकडून बसला असाल तर सांगणार काय? पण एअरपोर्ट पाहिला असेल तर, 'बाबा, उतरलात की आधी बोर्डावर गेटचा नंबर बघा, सिक्युरिटी गेटवरच आहे, घाबरू नका,' एवढं तरी सांगता येतं. त्या एका वाक्याने त्यांची अर्धी रात्र शांत जाते.

त्यांच्यासाठी तिकीट एकाच बुकिंगवर काढा, कितीही स्वस्त दिसलं तरी दोन वेगळी नकोत. लेओव्हर तीन-चार तासांचा ठेवा. चालायचा त्रास असेल तर व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा, त्यात कमीपणा काही नाही. फ्लाइट नंबर, वेळा आणि तुमचा फोन नंबर एका कागदावर मोठ्या अक्षरात मराठीत आणि इंग्रजीत लिहून द्या. औषधं प्रिस्क्रिप्शनसकट हँडबॅगेत. आणि आईने डिंकाचे लाडू, मेतकूट, मसाले भरले असतील (भरणारच!), तर ऑस्ट्रेलियात उतरताना फॉर्मवर खाण्याच्या वस्तू आहेत असं स्पष्ट लिहायचं. लिहून दाखवल्या तर फार तर एखादी वस्तू काढून घेतील, लपवल्या तर मोठा दंड होऊ शकतो.

निघण्याआधी एवढं बघाच

• लेओव्हरच्या तासांतून पाच वजा करा. तीन किंवा जास्त उरले तरच शहरात जा.

• व्हिसा, पुढचं तिकीट आणि बोर्डिंग पास यांच्या प्रिंट जवळ हव्यात.

• सिंगापूर विषुववृत्ताला खेटून आहे. बारा महिने घाम आणि कधीही पाऊस. सुती कपडे, चालायचे बूट आणि छोटी छत्री.

• ई-सिगारेट किंवा व्हेप अजिबात नेऊ नका, कायद्याने बंदी आहे आणि शिक्षा कडक. सिगारेटचं एक पाकीट असलं तरी ते जाहीर करून त्यावर ड्युटी भरावी लागते. च्युइंग गमही घरीच ठेवा.

• मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत मेट्रो बंद असते. रात्रीचा लेओव्हर असेल तर टॅक्सीचा खर्च धरा किंवा सरळ झोपा.

• 'आउट ऑफ ऑफिस' मेसेज लावलाय ना? मग लॅपटॉप बॅगेतच राहू दे.

शहर सिंगापूर असो, दोहा असो नाहीतर इस्तंबूल, व्हिसाचे नियम बदलतील, मेट्रोच्या लाइनचा रंग बदलेल. गणित मात्र तेच. पाच वजा करा, एक तुकडा निवडा, अलार्म लावा. पुढच्या वेळी तिकिटावर 'लेओव्हर १० तास' दिसलं की तोंड वाकडं करू नका, आधी नकाशा उघडा. हॅपी लेओव्हर!